आमच्या मागच्या बाजूला ऊन येत नाही

शेजारचा बंगला पाडून तिथे सहा मजली बिल्डिंग उभी राहिली आणि आमच्या मागच्या अंगणातलं ऊन गेलं. जे काय थोडं उरलं होतं ते आंब्याने खाल्लं. तरी मी हट्टाने तीन वर्षं तिथे गुलाब लावत होते, शेणखत काय, बोनमील काय, दर रविवारी कात्री घेऊन उभी, आणि गुलाब आपला नुसता उंच उंच वाढतोय, फुलाच्या नावाने बोंब.

शेवटी चिपळूणहून मावशी आली ती ओल्या फडक्यात सोनटक्क्याचे चार कंद गुंडाळूनच. म्हणाली, मोरीचं पाणी जातं ना तिथे खुपस आणि विसरून जा. खरंच विसरले. दुसऱ्या पावसाळ्यात तिथून पाय टाकायला जागा नव्हती! संध्याकाळी भांडी घासताना खिडकीतून असा वास येतो की आधी दोन मिनिटं नळ तसाच वाहत राहतो. फूल दुसऱ्या दिवशी मान टाकतं, पण मागे कळ्या रांग लावून असतातच. बहर संपला की जुने दांडे कापायचे, एवढंच काम.

अबोली जरा मानी. तिला सकाळचं तासभर तरी कोवळं ऊन लागतं, नाहीतर नुसती पानंच पानं. पण एकदा रुळली की बघायला नको. तिच्या वाळलेल्या तुऱ्यावर पाणी पडलं की टक् टक् करत बिया उडतात, मला पहिल्यांदा वाटलं पाल आहे कुठेतरी, चप्पल घेऊन शोधत होते. आता फरशीच्या फटीतसुद्धा रोपं आलीयेत, ज्याला हवं त्याने न्या.

तेरडा तर मी लावलेलाच नाही. गौरीला आणलेल्या तेरड्याच्या बोंडांमधून पडला असणार. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणणाऱ्याने तो बहुतेक तोडून आणलेला बघितला असेल, आमच्याकडे श्रावणापासून गणपती जाईपर्यंत हलत नाही. गोगलगायी तेवढ्या रात्री टॉर्च लावून वेचाव्या लागतात, बाकी काही नाही.

भुईचाफ्याचं मात्र माझ्याकडून चुकलंच. थंडीत पानं वाळून कुंडी रिकामी दिसायला लागली, मला वाटलं मेला, म्हणून सगळी माती आंब्याखाली ओतून कुंडीत पुदिना लावला. एप्रिलमध्ये बघते तर त्या ओतलेल्या मातीतून, एक पान नाही काही नाही, थेट जमिनीतून पांढरी-जांभळी फुलं वर! आता त्या जागेभोवती चार विटा लावून ठेवल्यात. दर जानेवारीत झाडताना कामवाल्या मावशी विचारतात, ताई, इथे काय आहे, विटा काढू का?

मी सांगते, आत्ता काही नाही, पण राहू दे.