अठ्ठावीस वर्षांचा हिशेब

मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिन्यांसाठी आलो की पहिला महिना बरा जातो. दुसऱ्या महिन्यात घर खायला उठतं. मग मी गावच्या सार्वजनिक लायब्ररीत जाऊन बसतो. तिथली लायब्ररीयन पहिल्याच दिवशी मला नुसत्या नावाने हाक मारू लागली तेव्हा जरा दचकलो होतो, पण आता सवय झाली. तिला कुठून तरी कळलं की मी पुण्यात नारायण पेठेतल्या एका छापखान्यात एकतीस वर्षं कॅमेरा आणि प्लेट विभागात, म्हणजे पानांचे फोटो घेऊन छपाईच्या प्लेट बनवायला, होतो. लायब्ररीत कॉमिक्सचा एक दिवस साजरा व्हायचा होता आणि त्यासाठी विस्मरणात गेलेल्या जुन्या सुपरहिरोंची सोळा पानी पुस्तिका हवी होती, फुकट वाटायला. "कराल का?" म्हणाली. मी हो म्हणून बसलो.

माझं कॉमिक्सचं ज्ञान म्हणजे इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ. तो मुळात १९३६ सालचा, म्हणजे सुपरमॅनच्याही आधीचा, हे या निमित्ताने कळलं आणि उगाचच छाती फुगली. सुपरमॅन आला तो 'अ‍ॅक्शन कॉमिक्स' मासिकाच्या जून १९३८ च्या पहिल्या अंकात. चौसष्ट पानं, किंमत दहा सेंट. तो धो धो खपला आणि न्यूयॉर्कमधल्या प्रत्येक प्रकाशकाला आपला एक सुपरमॅन हवासा झाला. मे १९३९ मध्ये फॉक्स नावाच्या कंपनीने 'वंडर मॅन' काढला, चित्रं विल आयस्नरची. सुपरमॅनवाल्यांनी लगेच कोर्टात खेचलं. १९४० मध्ये अपिलातही निकाल त्यांच्याच बाजूने लागला, आणि वंडर मॅन एका अंकात संपला. पण बाकीचे? दोन-चार वर्षांत शेकड्यांनी नायक आले आणि गेले.

हे सगळं वाचायला मिळतं ते हौशी लोकांमुळे. डिजिटल कॉमिक म्युझियम आणि कॉमिक बुक प्लस या दोन संकेतस्थळांवर लोकांनी आपापल्या संग्रहातले अंक स्कॅन करून ठेवलेत. मी आठवडाभर नुसता वाचत बसलो. सूनबाई म्हणाली, "बाबा, जेवायला तरी उठा."

काय एकेक नमुने! 'रेड बी' घ्या. दिवसा सरकारी वकील, रात्री लाल-पिवळा पोशाख घालून गुंडांवर पाळलेल्या मधमाश्या सोडणारा. त्याची लाडकी माशी पट्ट्याच्या बकलात राहते, तिचं नाव मायकल. 'मॅडम फेटल' हा तर एक नट आहे, म्हातारीचं सोंग घेऊन बदमाशांना काठीने बडवणारा. स्त्री पार्टाची परंपरा असलेल्या आपल्याला त्यात नवल नाही, पण १९४० च्या अमेरिकेत हे छापून आलं याची गंमत वाटली. 'अमेझिंग मॅन'चा पहिलाच अंक क्रमांक पाच आहे. आधीचे चार अंक मी भाबडेपणाने दोन दिवस शोधत होतो.

आणि मग 'स्टारडस्ट' सापडला. वंडर मॅनवाल्या फॉक्स कंपनीचंच 'फॅन्टॅस्टिक कॉमिक्स' मासिक, डिसेंबर १९३९ ते मार्च १९४१. लिहिणारा, काढणारा, पेन्सिलवर शाई फिरवणारा, अक्षरं लिहिणारा, सगळं एकच माणूस, फ्लेचर हँक्स. त्याचा नायक अवकाशातून येतो, अंगाने अवाढव्य, मानेवर लिंबाएवढं डोकं. शिक्षा अशा देतो की अंगावर काटा यावा. एका गोष्टीत खलनायकाचं डोकं फुगवत नेतो, धड त्यातच विरून जातं, आणि ते डोकं अंतराळात एका मुंडकं नसलेल्या राक्षसाकडे भिरकावतो. चित्रकला म्हणाल तर ओबडधोबड. पण नजर हटत नाही. स्टुडिओत चार-पाच जणांनी मिळून उरकलेल्या पानांच्या ढिगात हे एकट्या माणसाचं काम लगेच ओळखू येतं. हँक्स १९४१ नंतर कॉमिक्समधून नाहीसाच झाला. १९७६ मध्ये मॅनहॅटनमध्ये बागेतल्या एका बाकावर थंडीने गारठून मेलेला सापडला. बायको-मुलांना त्याने १९३० मध्येच सोडलं होतं. माणूस म्हणून त्याच्याबद्दल मला माया वाटली नाही, हे सांगून टाकतो.

तर आता छापायचं कसं? मुलगा म्हणाला, "बाबा, इथे कॉपीराइटचं प्रकरण कडक आहे, आधी खात्री करा." बरोबर होतं त्याचं. त्या काळी अमेरिकेत १९०९ चा कायदा होता. हक्क अठ्ठावीस वर्षांचा, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी अर्ज करून नूतनीकरण केलं तरच पुढे चालू. केलं नाही तर काम सगळ्यांचं. सुपरमॅनवाल्यांनी वेळेवर केलं, म्हणून त्याचा पहिला अंक १ जानेवारी २०३४ पर्यंत बंदिस्त आहे. स्टारडस्ट छापणारी फॉक्स कंपनी मात्र १९५० च्या सुमारास दिवाळखोरीत गेलेली. १९६७ मध्ये अर्ज करणार कोण?

पण "करणार कोण" हा काही पुरावा नव्हे. कॉपीराइट ऑफिसच्या नोंदींचे छापील खंड स्कॅन होऊन इंटरनेट अर्काइव्ह या संकेतस्थळावर आहेत, वर्षाला दोन, जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर. बारीक टाइप, तीन तीन कॉलम. मी निवडलेल्या स्टारडस्टच्या अंकावर फेब्रुवारी १९४० छापलेलं. त्यात अठ्ठावीस मिळवले, १९६८ चे दोन्ही खंड पालथे घातले, मासिकाच्या नावाने पाहिलं, लेखकाच्या नावाने पाहिलं, काही नाही. खूश होऊन लायब्ररीयनला कळवलं.

रात्री झोपताना ट्यूब पेटली. आपल्याकडे दिवाळी अंक दिवाळीच्या आधी येतात ना? तसंच हे. मुखपृष्ठावर दोनेक महिने पुढची तारीख टाकायची पद्धत होती, म्हणजे विक्रेत्याच्या फळीवर अंक जास्त दिवस ताजा दिसतो. फेब्रुवारी १९४० चा अंक बाजारात आला डिसेंबर १९३९ च्या आसपास. म्हणजे नूतनीकरणाची मुदत डिसेंबर १९६६ ते डिसेंबर १९६७, आणि मी भलतंच वर्ष तपासलं होतं! सकाळी उठून १९६६ चा दुसरा भाग आणि १९६७ चे दोन्ही भाग पाहिले. तिथेही नव्हतं, पण तोंड जरा उतरलंच. लायब्ररीयनला खरं सांगितलं. ती हसली आणि तिने तारखांचा तक्ताच करून भिंतीला लावला.

नावाचंही एक वेगळं लचांड असतं. गोष्ट मोकळी असली तरी नाव एखाद्या चालू कंपनीचा ट्रेडमार्क असू शकतं. १९४० च्या एका 'डेअरडेव्हिल'ला अलीकडच्या एका पुस्तकात नाव बदलून यावं लागलं, कारण त्याच नावाचा मार्व्हल कंपनीचा नायक, एक आंधळा वकील, आता जगप्रसिद्ध आहे. म्हणून मुखपृष्ठावर आम्ही कुणाचंच नाव मोठं टाकलं नाही.

पानांची तयारी म्हणजे माझं घर. इथे हात शिवशिवले आणि चुकलो. जुना न्यूजप्रिंट बिस्किटासारखा तपकिरी झालेला. मी संगणकावर लेव्हल्स, म्हणजे उजळ-गडदपणा, ओढून कागद पांढराशुभ्र केला. बघतो तर नायकाच्या गालाचा रंग ज्यातून बनतो ते छपाईचे लाल ठिपके गायब, चेहरा पांढरा फटक. शिवाय ट्रायल प्रिंट काढली तर ठिपक्यांच्या जुन्या जाळीवर नवी जाळी बसून पाण्यावरच्यासारख्या लाटा, ज्याला आम्ही मोरे म्हणायचो. सगळं पुसून पुन्हा सुरुवात केली. या वेळी पान फक्त सरळ केलं, पिनेजवळचे गंजाचे डाग काढले, ठिपक्यांना हात लावला नाही.

एका चौकटीत स्टारडस्टचे ओठ हनुवटीच्या खाली उतरले होते. रजिस्टर, म्हणजे रंगांच्या प्लेटांची जुळणी, हललेलं, लाल प्लेट जराशी सरकलेली. मी ते दुरुस्त करू शकलो असतो, दोन मिनिटांचं काम. आमच्या फोरमनने यावरून माझी पन्नास शीटं फाडून टाकलेली आठवली. तसंच ठेवलं. मशीनवर कुणीतरी घाईत होतं, एवढं त्या पानावरून दिसतं, आणि त्या माणसाची दुसरी काही खूण शिल्लक नाही.

सोळा पानं, मधे पिन, म्हणजे पहिल्या पानाशेजारी सोळावं. डमी घडी घालून नंबर टाकले तेव्हा मुलगा कौतुकाने बघत होता; संगणक हे आपोआप करतो, असं त्याने सांगितलं नाही. शेवटच्या पानावर श्रेयनामावली होती. कथा, चित्र, अक्षरं यापुढे हँक्सचं नाव. 'रंग' आणि 'प्लेट' यापुढे काही लिहिता येत नव्हतं. लायब्ररीयनला वाटलं राहून गेलंय. म्हटलं, नाही, तसंच जाऊ द्या.

साठ प्रती काढल्या, एक्केचाळीस गेल्या. रेड बीचं पान मुलांनी सगळ्यात जास्त उलटलं, माशीचं नाव मायकल हे त्यांना फार आवडलं.

आता 'ग्रीन टर्टल'च्या मागे आहे. १९४४, ब्लेझिंग कॉमिक्स, चित्रकार चू हिंग. युद्धातल्या चीनमध्ये जपान्यांशी लढणारा हा नायक वाचकाला तोंड म्हणून दाखवत नाही. कधी पाठमोरा, कधी हात आडवा, कधी सावली. जून १९४४ चा अंक, म्हणजे बाजारात एप्रिलच्या सुमारास. १९७१ आणि १९७२ चे खंड उतरवून घेतलेत. परतीचं विमान तीन आठवड्यांनी आहे, तेवढ्यात होईल.