ताहर मोहीम, नोंद 4: सुटी केली की रायफल नेम विसरते

न्यूझीलंडला ताहरच्या (हिमालयातला रानबोकड) शिकारीला जायची तयारी चालू आहे. मागच्या नोंदीत रायफल न्यायच्या छोट्या पेटीचं कौतुक जरा जास्तच झालं होतं. त्यातलं अर्धं मागे घ्यावं लागतंय. स्टॉकपासून (दस्त्यासकटचा खालचा सांगाडा) सुटी केलेली रायफल 90 सेंमीच्या पेटीत बसते. ही पेटी 4 किलोची, लांब पेटी 7 किलोची. म्हणजे मेलबर्न ते क्राइस्टचर्च 3 किलो वाचले, शिवाय पुढे हेलिकॉप्टरमध्ये कोंबताना कटकट नाही. कागदावर झकास. रेंजवर मात्र परत जोडल्यावर 100 मीटरला ग्रुप (गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका) 6 सेंमी खाली डावीकडे पडला. पुन्हा सोडली, पुन्हा जोडली, तर 3 सेंमी वर उजवीकडे.

दरवेळी एकाच बाजूला सरकला असता तर रडायचं कारण नव्हतं. 0.1 मिलच्या (मिल हे कोनाचं माप) स्कोपवर, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीवर, एक क्लिक म्हणजे 100 मीटरला 1 सेंमी, तेवढे क्लिक फिरवले की झालं. पण मनाला येईल तिकडे जाणाऱ्या झीरोवर (स्कोपचा नेम आणि गोळी जिथे जुळतात ती जागा) क्लिकचा उपाय नाही. आणि 100 मीटरला 6 सेंमी म्हणजे 300 मीटरला 18. ताहरच्या खांद्यामागची जागा जेमतेम वीतभर, त्यामुळे एवढी चूक म्हणजे जनावर जखमी होऊन कड्यात जाणार. तिथून ते काढणं गाइडलाही जमत नाही.

संशयितांची हजेरी घेतली. स्कोप आधीच निर्दोष सुटला: त्याला धरणाऱ्या रिंगा ॲक्शनवरच (बॅरलमागचा, काडतूस चढवणारा धातूचा भाग) राहतात, त्यांना हात लागलेला नाही, आणि स्क्रूंवर ओढलेल्या नेलपॉलिशच्या रेघा जागच्या जागी आहेत. (ही रेघ सगळ्यांनी ओढाच. दहा रुपयांचं काम आहे.) मग बॅरल. दुमडलेली कागदाची पट्टी स्टॉक आणि बॅरलच्या मधून ॲक्शनपर्यंत सरसर गेली. मात्र बायपॉडवर (पुढचा दोन पायांचा टेकू) पुढे रेटून बसलं की प्लास्टिकचा पुढचा भाग वाकतो आणि टोकाशी पट्टी अडकते. तिथे गोल लाकडाला पॉलिश पेपर गुंडाळून आतून 1 मिमी घासलं. ते करायलाच हवं होतं, पण हा आपला चोर नव्हे, कारण बिघडलेले ग्रुप वाळूच्या पिशवीवरून काढले होते, बायपॉडवरून नाही.

उरले ॲक्शनचे दोन स्क्रू. टॉर्क ड्रायव्हर 5 न्यूटन-मीटरवर लावलेला, दरवेळी तिथेच क्लिक होतोय, म्हणून त्यावर कोणी शंका घेतली नव्हती. शेवटी तपासला. ड्रायव्हर वाइसमध्ये आडवा धरायचा, बिटला 20 सेंमीची पट्टी आडवी बसवायची, टोकाला पाण्याची बाटली टांगायची आणि क्लिक होईपर्यंत थोडं थोडं पाणी ओतत जायचं. पट्टी 100 ग्रॅमची असेल तर तिचे टोकाशी 50 ग्रॅम धरायचे. बाटली धरून एकूण 2.55 किलोला क्लिक झाला तर 5 न्यूटन-मीटर बरोबर. आमचा 3.1 किलोला झाला, म्हणजे 5 च्या खुणेवर खरे 6. स्क्रूभोवती धातूचे पिलर (नळ्या) नसलेल्या प्लास्टिक स्टॉकवर 6 म्हणजे स्टॉक हळूहळू चिरडणं, आणि दर जोडणीला थोडा जास्त. ऑनलाइन मिळणारे स्वस्त टॉर्क ड्रायव्हर घ्यायला हरकत नाही, पण बाटली टांगल्याशिवाय त्यांच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

खूण दुरुस्त करून जोडली. ग्रुप सुधारला, तरी 3 सेंमीची भटकंती राहिलीच.

मग ती जुनी बोटाची चाचणी. एक बोट स्टॉकच्या टोकावर आणि बॅरलवर एकदम टेकवायचं, दुसऱ्या हाताने पुढचा स्क्रू सैल करायचा. बॅरल स्टॉकपासून हलल्याचं बोटाला जाणवलं तर ॲक्शन कुठेतरी ताणून बसली आहे. जाणवलं, चांगलंच. डायल गेज लावला तर काटा 0.05 मिमीच्या पार गेला, आणि तेवढं झालं की शंका घ्यायची.

ताण येत होता मॅगझिनच्या डब्यातून. आतला पत्र्याचा डबा ॲक्शन आणि खालची फ्लोअरप्लेट यांच्यात सैल लोंबायला हवा. स्क्रू पूर्ण आवळल्यावरही बोटाने खुळखुळला पाहिजे. आमचा दगडासारखा घट्ट. म्हणजे स्क्रू ॲक्शनला स्टॉकवर दाबतच नव्हते, त्यांचा जोर डब्यावर जात होता. डबा दर जोडणीला किंचित वेगळा बसे आणि झीरोही त्याच्याबरोबर हले. रायफल कधीच सोडली नसती तर हे कळलंही नसतं.

उपाय साधा. काचेवर 240 नंबरचा ओला पॉलिश पेपर ठेवून डब्याची फक्त खालची कड घासली, वरच्या कडेला हात लावला नाही, एकूण अर्धा मिलिमीटर. दहा घासे, बसवून बघ, पुन्हा दहा. घाईत जास्त गेलं तर पत्रा परत येत नाही. जोडतानाही क्रम ठरवला: बट (दस्त्याचं मागचं टोक) जमिनीवर टेकवून रायफल उभी धरायची, दोन्ही स्क्रू बोटांनी लावायचे, बट दोनदा हलकेच आपटायची म्हणजे रिकॉइल लग (गोळीचा धक्का स्टॉकला देणारा ॲक्शनखालचा खुंट) मागे टेकतो, मग आधी पुढचा आवळायचा, नंतर मागचा.

शनिवारी तीनदा सोडून तीनदा जोडली. तिन्ही ग्रुपचे मध्य 1.5 सेंमीच्या आत! डब्याचा तो खुळखुळ आवाज आता ऐकत राहावा असा वाटतो.

हे लिहिता लिहिताच प्रश्न पडला की राखीव म्हणून दुसरी रायफल न्यायचीच कशाला? न्यूझीलंडमध्ये परवानाधारकाच्या थेट देखरेखीखाली गाइडची रायफल वापरता येते. दुसरी गाळली तर वजन वाचतं आणि आयात परवान्याच्या अर्जातला एक सीरियल नंबरही कमी होतो. व्हिजिटर लायसन्सचा (परदेशी पाहुण्याचा बंदूक परवाना) अर्ज महिनाभर आधी गेलेला बरा, आणि त्यानंतर रायफल बदलली तर कागदांचा घोळ ठरलेला. त्यामुळे बदल आत्ताच. गाइडच्या रायफलवर सप्रेसर (आवाज कमी करणारी नळी) असतो, तिकडे ती रोजची गोष्ट आहे. एवढंच की तो काढला किंवा लावला की झीरो बदलतो, त्यामुळे ज्या अवस्थेत मिळेल त्याच अवस्थेत मारायची.

काडतुसं 40, सगळी एकाच लॉटची, मूळ खोक्यात. 6.5 क्रीडमूर या आमच्या कॅलिबरची 40 म्हणजे खोक्यांसकट किलोभर. विमानाची मर्यादा माणशी 5 किलो, त्यामुळे चिंता नाही. कॅम्पवर पोचल्यावर पहिलं काम 100 मीटरला तीन बार. ते चुकले तर बाकी यादी व्यर्थ. उतारासाठी कोसाइनची चिठ्ठी स्टॉकवर चिकटवली आहे: 35 अंशांच्या उतारावर रेंजफाइंडर 300 मीटर दाखवत असेल तर गोळीचा ड्रॉप 246 मीटरचा धरायचा. वर मारा की खाली, हिशोब तोच.

बाकी सामान थोडक्यात. मे ते जुलै माजाचा हंगाम, नरांची आयाळ भरलेली, म्हणजे बर्फही आलंच. आतून मेरिनोचे दोन थर, वर डाऊन, सर्वात बाहेर खडखड न वाजणारं पावसाळी जॅकेट. क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे बर्फाचे खिळे) गाइडकडचे, पण ते आपल्या बुटांवर बसतील का हे आधी फोटो पाठवून विचारा. मऊ तळव्याच्या बुटावर कडक क्रॅम्पॉन निसटतो. बूट विमानात पायातच. (गंमत बघा, जनावर आपल्या हिमालयातलं. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्याला बोट लावता येत नाही. तिकडे 1904 साली ड्यूक ऑफ बेडफर्डच्या इंग्लंडमधल्या कळपातून आणून ते माउंट कुकपाशी सोडलं, आणि आता 1993 च्या नियंत्रण योजनेने 10,000 ची कमाल मर्यादा घालून ठेवली आहे.)

बायोसिक्युरिटीला हलक्यात घेऊ नका. बूट, गेटर (पोटरीवरचं आवरण), तंबू सगळं जाहीर करायचं. न सांगता सापडलं तर जागेवर 400 न्यूझीलंड डॉलर दंड. माती फक्त तळव्यात नसते. बुटाच्या जिभेच्या घडीत, सॅकच्या कमरपट्ट्याच्या फोममागे आणि गेटरच्या वेल्क्रोत गवताचं बी अडकून बसतं. टूथब्रशने धुऊन किमान दोन दिवस वाळवायचं, कारण ओलसर बूट पेटीत घातले तर वास वेगळाच. वेल्क्रोतलं बी मात्र ब्रशने निघत नाही, सुई लागते. या आठवड्यात दोन्ही गेटर घेऊन सुईने तेच चालू आहे.