कन्सोल कंपन्यांचा कलगीतुरा

व्हिडिओ गेमचे कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायची यंत्रे, बनवणाऱ्या कंपन्या एकमेकींची जाहीर उणीदुणी काढतात, तेव्हा ते बोलणे प्रतिस्पर्ध्याला ऐकवण्यासाठी नसतेच, असे माझे जुने मत आहे. कलगीवाल्यांचा सवाल तुरेवाल्यांना उद्देशून असला, तरी शाहिराची नजर फडाभोवती जमलेल्या माणसांवर असते; येथेही तसेच आहे. त्यामुळे एखादा टोमणा किती झोंबरा होता यापेक्षा तो कोणासाठी मारला होता, हे पाहिले की या भांडणांचा इतिहास अधिक नीट उलगडतो.

सेगा या कंपनीने १९९० च्या सुमारास अमेरिकेत निन्टेंडो या प्रतिस्पर्धी कंपनीच्या नावाचीच मोडतोड करून, तिच्या यंत्राला जे जमत नाही ते आमचे जेनेसिस हे यंत्र करते, अशी जाहिरात चालवली. तिचा रोख होता तो धाकट्या भावंडांच्या खेळण्याची लाज वाटू लागलेल्या अमेरिकी किशोरवयीन मुलांवर. मुंबईत मात्र या जुगलबंदीला श्रोताच नव्हता, कारण नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या घराघरांत पोहोचला तो निन्टेंडोच्या जुन्या यंत्राची नक्कल असलेला 'टीव्ही गेम'. पिवळ्या कॅसेटी फुंकर मारून बसवणाऱ्या आणि सुट्टीभर 'मारिओ' व 'काँट्रा' खेळणाऱ्या पिढीतल्या बहुतेकांना निन्टेंडो हे नावही ठाऊक नव्हते, मग सेगाने तिला काय म्हटले याचे सोयरसुतक कोणाला असणार?

या भांडणाने उद्योगाची पंचाईत केली ती ९ डिसेंबर १९९३ रोजी. व्हिडिओ गेममधील हिंसेवर अमेरिकी सिनेटमध्ये सिनेटर जोसेफ लीबरमन आणि हर्ब कोल यांच्यासमोर सुनावणी झाली. तेथे एकदिलाने बाजू मांडण्याऐवजी निन्टेंडोचे हॉवर्ड लिंकन आणि सेगाचे बिल व्हाइट (हे पूर्वी निन्टेंडोतच नोकरीला होते) एकमेकांवर तुटून पडले. 'मॉर्टल कॉम्बॅट' या मारामारीच्या गेममधले रक्त निन्टेंडोने आपल्या यंत्रावर काढून टाकले होते, तर सेगाच्या यंत्रावर एक संकेत दाबला की ते दिसू लागे, आणि लिंकन यांनी या फरकाचे पुरेपूर भांडवल केले. सेगावरचा 'नाइट ट्रॅप' हा गेम निन्टेंडोच्या यंत्रावर कधीही येणार नाही, असेही त्यांनी छातीठोकपणे सांगितले. (तो २०१८ मध्ये निन्टेंडो स्विचवर आला.) सरकारने कायदा करण्याआधी आपणच काहीतरी केलेले बरे, हे उमगून या उद्योगाने १९९४ मध्ये स्वतःचे वयोगट ठरवणारे मंडळ स्थापन केले.

माझ्या मते सर्वोत्तम टोमण्यात प्रतिस्पर्ध्याचे नावही घ्यावे लागत नाही. मे १९९५ मध्ये लॉस एंजेलिस येथील ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात सेगाने आपला सॅटर्न हा नवा कन्सोल ३९९ डॉलरना त्याच दिवसापासून विक्रीला आणल्याचे जाहीर केले. त्यानंतर प्लेस्टेशन हा कन्सोल आणणाऱ्या सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले, 'दोनशे नव्याण्णव' एवढेच म्हणाले आणि टाळ्यांच्या गजरात खाली उतरले. शंभर डॉलरच्या फरकाला अलंकार लागत नाहीत. सेगाचे नुकसान या एका आकड्यानेच झाले असे मात्र मी म्हणणार नाही, कारण मोजक्याच दुकानदारांना आधी माल देऊन तिने इतरांना दुखावले होते आणि घाईमुळे गेमही फारसे तयार नव्हते.

मुंबईकराला थेट भिडलेला टोमणा मात्र २०१३ चा. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन या आपल्या नव्या कन्सोलसाठी असा नियम आखला होता की यंत्राने दर चोवीस तासांनी एकदा तरी इंटरनेटशी संपर्क साधला पाहिजे. शिवाय वापरलेली डिस्क दुसऱ्याला देण्यावरही बंधने येणार होती. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्यासाठी आमचे जुने एक्सबॉक्स ३६० आहेच, असे उत्तर कंपनीचे डॉन मॅट्रिक यांनी दिले, आणि स्वतःच्याच ग्राहकाला हिणवण्याचा हा प्रकार कोणत्याही प्रतिस्पर्ध्याच्या टीकेपेक्षा महागात पडला. सोनीने त्याच सुमारास जेमतेम वीसेक सेकंदांची चित्रफीत प्रसिद्ध केली. प्लेस्टेशन ४ वर आपला गेम दुसऱ्याला कसा द्यावा याची पहिली आणि एकमेव पायरी तिच्यात दाखवली होती: सोनीचे अधिकारी शुहेई योशिदा यांनी डिस्कची डबी शेजारी उभे असलेले सहकारी ॲडम बॉईज यांच्या हातात दिली आणि त्यांनी आभार मानले, बस्स.

लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, ज्यांनी कधी डिस्क बदलून घेतली आहे त्यांना हा विनोद समजावून सांगावा लागला नाही. नवा गेम घ्यायचा, तो संपवायचा, डबीवर ओरखडा पडू न देता थोडा तोटा सोसून परत विकायचा आणि त्या पैशांत भर घालून पुढचा घ्यायचा, याच हिशेबावर मध्यमवर्गीय घरातला हा छंद टिकून होता. एक्सबॉक्स वनच्या विक्रीच्या पहिल्या टप्प्यासाठी मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेल्या एकवीस देशांत भारत नव्हताच. तिने जून संपण्याआधी हे नियम मागे घेतले खरे, पण प्लेस्टेशन ४ भारतात जानेवारी २०१४ मध्ये आले आणि एक्सबॉक्स वनला यायला सप्टेंबर उजाडला. डिस्कचे ते प्रेम सोनीने पुढे किती निभावले, हा भाग वेगळा. २०२४ च्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये डिस्क ड्राइव्ह नाही, हवा असल्यास तो वेगळा विकत घ्यावा लागतो.

अलीकडच्या काळातले सर्वांत रंजक बोलणे व्यासपीठावर नाही, तर सरकारी कागदपत्रांत सापडते. ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही गेम बनवणारी कंपनी ६८.७ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केला, आणि मग स्पर्धा नियामकांसमोर दोन्ही बलाढ्य कंपन्यांनी दुबळेपणाचा आव आणायला सुरुवात केली. ॲक्टिव्हिजनकडे असा एकही गेम नाही की ज्यावाचून अडावे, असे मायक्रोसॉफ्टने न्यूझीलंडच्या नियामकाला सांगितले. एवढी रक्कम मग कशासाठी मोजायची होती, हा प्रश्न वाचकाने स्वतःलाच विचारावा. ब्रिटनमध्ये सोनीने अशी भीती व्यक्त केली की ॲक्टिव्हिजनच्या 'कॉल ऑफ ड्यूटी' या गेमच्या प्लेस्टेशनवरच्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्ट मुद्दाम शेवटच्या टप्प्यावरच उघड होणारे दोष ठेवील. आणि हा व्यवहार रोखण्यासाठी अमेरिकेत झालेल्या खटल्यात, २०२३ मध्ये, कन्सोलचे युद्ध एक्सबॉक्स हरले आहे, असे मायक्रोसॉफ्टने स्वतःच लिहून दिले. ग्राहकासमोर हेच वाक्य उच्चारणाऱ्या अधिकाऱ्याची नोकरी गेली असती. न्यायाधीशासमोर ते उपयोगी होते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये तो व्यवहार पूर्ण झाला. त्यानंतर 'सी ऑफ थीव्ज' हा मायक्रोसॉफ्टचा गेम २०२४ मध्ये प्लेस्टेशनवर विक्रीला आला, आणि ज्या 'हेलो' या गेमच्या जोरावर एक्सबॉक्स उभे राहिले, तोही प्लेस्टेशन ५ वर आणण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली. अशा प्रत्येक विक्रीतला वाटा सोनीला मिळतो, तेव्हा दोघींनी एकमेकींच्या वाढदिवसाला शुभेच्छा देण्याइतके सभ्य होण्यात मला तरी नवल वाटत नाही.