कुत्र्याचं औषध मांजराला? नको ओ!

पावसाळा लागला की बेळगावात कपडे वाळत नाहीत, भिंतीला ओल येते आणि मांजराला पिसवा होतात, हे ठरलेलंच. आमची चिंगी अर्धा दिवस कौलांवर आणि अर्धा शेजारच्या गोठ्यात, मग काय होणारच की.

पण औषध घ्यायला गेलं की डोकं फिरतं. शहापुरातल्या एका दुकानात त्या माणसानं सरळ कुत्र्याच्या ड्रॉप्सचं पाकीट पुढं केलं, वर म्हणतोय, "अक्का, कुत्रं काय नि मांजर काय, पिसू एकच की, निम्मं घाला." पिसू एकच हे खरंय, कुत्र्यावर सापडते ती पण बहुतेक वेळा मांजराचीच जात असते. पण औषध एक नाही ना! कुत्र्याच्या बऱ्याच ड्रॉप्समध्ये पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, मांजराच्या लिव्हरला ते झेपत नाही, अंगात साठतं आणि मग थरथर, फिट्स, वेळेत डॉक्टर नाही मिळाला तर मांजर हातचं जातं. निम्मं घालून पण. खानापूरकडच्या आमच्या पावण्यांकडं तर म्हशीच्या गोचिडाला आणलेलं डेल्टामेथ्रिन बादलीत उरलं की "मांजराला पण पुसून घे" म्हणतात, ते पण त्याच घराण्यातलं औषध, कशाला उगाच.

आई म्हणते कापूर घालून खोबरेल लाव. आईला कोण समजावणार, मांजर अंगाला लावलेलं सगळं चाटून पोटात घालतं आणि कापूर त्याला विषच. टी ट्री ऑइलचं पण तेच. (ऑरगॅनिक लिहिलंय म्हणून भुलू नका.)

आधी पिसवाच आहेत का ते बघा. बारीक दातांच्या फणीनं शेपटीच्या मुळाशी विंचरायचं, जे काळं काळं पडतं ते ओल्या पांढऱ्या कागदावर टाकायचं. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची घाण, म्हणजे पचलेलं रक्त. नुसती माती असेल तर काळीच राहते.

मी घेते ते फिप्रोनिल आणि एस-मेथोप्रिनवालं, पाकिटावर मांजराचं चित्र असलेलं. फिप्रोनिल मोठ्या पिसवा मारतं, दुसरं अंडी-अळ्या वाढू देत नाही. ८ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला हे चालत नाही, त्याला फणी आणि फणीत आलेल्या पिसवा बुडवायला साबणाच्या पाण्याची वाटी एवढंच. वजन करायला मांजर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजा करायचं, सोप्पं. औषध मानेवर, जिथं जीभ पोचत नाही तिथं, केस दोन बाजूला करून कातडीवर सोडायचं. केसांवर सोडलं तर वाया. दोन दिवस आधी-नंतर अंघोळ नको, आमच्या बाईसाहेबांना तशीही नकोच असते.

आणि लावल्यावर परत पिसवा दिसल्या की लोक म्हणतात औषध बोगस. अहो, मांजराच्या अंगावर दिसतात त्या थोड्याच, बाकी अंडी, अळ्या, कोष सगळं वाकळीत, सोफ्याच्या फटीत, फरशीच्या सांध्यात. कोषातली पिसू महिनोन्‌महिने गप्प बसते आणि चाहूल लागली, ऊब लागली की बाहेर येते. गणपतीला गावाकडं जाऊन परत आल्यावर बंद घरात पाऊल टाकताच पोटऱ्यांना चावतात बघा, ते हेच. म्हणून औषध दर महिन्याला, निदान तीन महिने, घरातल्या सगळ्या मांजरांना, कुत्रं असेल तर त्याला त्याचं वेगळं. वाकळी गरम पाण्यात धुवायच्या, कोपरे झाडून कचरा लगेच बाहेर.

ढुंगणाजवळ तांदळाच्या कणीसारखं काही चिकटलेलं दिसलं तर जंताचं औषध पण विचारा, चाटताना पिसू गिळली की पट्टकृमी होतो. आणि घरातल्या कुत्र्याला पर्मेथ्रिनवालं लावलं असेल तर ते पूर्ण वाळेपर्यंत मांजराला त्याच्या कुशीत झोपू देऊ नका, शक्यतो तसलं घरात आणूच नका.