कितोमध्ये वजन कमी होतं, पण किती?

इक्वेडोरला राहायला आल्यापासून घरच्यांचा एक प्रश्न ठरलेला: "एवढ्या उंचावर राहता, वजन उतरलं असेल ना?" कितो समुद्रसपाटीपासून 2,850 मीटरवर आहे, म्हणजे सिंहगडाच्या दुपटीहून उंच. नव्या माणसाची इथे सुरुवातीला भूक मंदावते, कोरड्या हवेत श्वासावाटे बरंच पाणी जातं. काट्यावर किलो-दोन किलो उतरलेले दिसले, तर ते यामुळे. गुरुत्वाकर्षणाचा वाटा अगदी लहान. मला मात्र तोच जास्त मोलाचा वाटतो.

पुण्यात स्प्रिंगच्या काट्यावर 60 किलो भरणारा माणूस तोच काटा घेऊन इथे आला, तर साठ-सत्तर ग्रॅम कमी भरेल. ध्रुवावरून आला, तर जवळपास साडेतीनशे ग्रॅम. त्यातलं बहुतेक श्रेय विषुववृत्ताचं: इथे पृथ्वी फुगीर आहे आणि तिच्या फिरण्याचा वेगही सर्वांत जास्त. दोन पारड्यांच्या तराजूला यातलं काही कळत नाही, कारण मापंही तेवढीच हलकी होतात.

घड्याळाच्या लंबकाला मात्र कळतं. पुण्यातलं लंबकाचं घड्याळ इथे दिवसाला पाऊणएक मिनिट मागे पडेल. पृथ्वीचा आकार मोजायला 1735 मध्ये निघालेल्या फ्रेंच मोहिमेतले पिएर बूगेर यांनी लंबकाचाच आधार घेतला. समुद्रकाठी, कितोमध्ये आणि शहरालगतच्या पिचिंचा ज्वालामुखीवर त्यांनी लंबकाची मोजणी केली. थंडी-वाऱ्यात त्या डोंगरावर टिकून राहणं किती कठीण असेल, हे इथे राहिल्यावर समजतं.

उंची वाढली तशी ओढ कमी झालीच, पण पृथ्वीच्या केंद्रापासूनच्या अंतराचा हिशेब सांगत होता तितकी नाही. पायाखालचं पठारही आपल्याकडे ओढत होतं! त्या फरकावरून बूगेर यांनी पठाराच्या खडकाची घनता अख्ख्या पृथ्वीच्या घनतेशी ताडून पाहिली. पृथ्वी आतून पोकळ किंवा पाण्याने भरलेली असावी, असं मानणारे लोक तेव्हा होते. या मोजणीने ती कल्पना निकालात निघाली. पृथ्वी या डोंगरांच्या खडकापेक्षा 4.7 पट घन असल्याचं त्यांचं उत्तर होतं. खरं प्रमाण साधारण दुप्पट आहे. आकडा चुकला, पण आतला भाग वरच्या खडकाहून पुष्कळ जड, हा निष्कर्ष आजही टिकून आहे.