बंद केलेल्या सर्व्हरचं बिल : नोंद तिसरी

मागच्या नोंदीत मी तोऱ्यात लिहिलं होतं की आमचे टेस्टिंगचे सर्व्हर आता रात्री आणि शनिवार-रविवारी बंद असतात. आठवड्याच्या 168 तासांपैकी फक्त 60 तास चालू, म्हणजे जवळपास 64 टक्के वेळ सुट्टी. बिल मात्र तेवढं उतरलं नाही.

कारण शोधण्यात अख्खा रविवार गेला. एडब्ल्यूएसवर (ॲमेझॉनची क्लाउड सेवा, आमचे सर्व्हर तिथेच) ईसीटू मशीन, म्हणजे भाड्याचा सर्व्हर, थांबवलं की मशीनचे पैसे थांबतात, त्याला लावलेल्या ईबीएस डिस्कचे (म्हणजे साठवणीच्या जागेचे) नाही. मशीन कायमचं काढून टाकलं, तरी मागाहून जोडलेली डिस्क डीफॉल्ट सेटिंगमध्ये तशीच राहते. अशा अकरा बेवारस डिस्क सापडल्या. एकीचं नाव ‘टेंप-नको-पुसू’. हे नाव कुणी दिलं, ते आम्हा तिघांपैकी कुणीच कबूल करत नाही (मीच असणार). नऊ डिस्कचे स्नॅपशॉट (त्या क्षणाची जपून ठेवलेली प्रत) घेतले आणि त्या उडवल्या.

खरा घोळ डेटाबेसचा. आरडीएस, म्हणजे एडब्ल्यूएसची डेटाबेस सेवा, थांबवलं तर सात दिवसांनी ते आपोआप पुन्हा सुरू होतं. डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलंय, वाचलं नव्हतं मी. जुन्या डेमोचा डेटाबेस ‘बंद’ करून मी निर्धास्त, आणि तो तीन महिने मजेत चालू! शेवटचा स्नॅपशॉट घेऊन आता तो डिलीटच केला. लागलाच तर त्यावरून पुन्हा उभा करता येईल.

बाकी किरकोळ. दोन रिकामे इलॅस्टिक आयपी (आपल्या नावावर राखून ठेवलेले इंटरनेट पत्ते) सोडले. 1 फेब्रुवारी 2024 पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही-4 पत्त्याला तासाला 0.005 डॉलर लागतात, वापरा नाहीतर नुसता धरून ठेवा. क्लाउडवॉच या देखरेखीच्या सेवेतले लॉग (सर्व्हरच्या नोंदी) काही सांगितलं नाही तर कायमचे साठत राहतात, ते 14 दिवसांवर आणले. जुन्या जीपी-2 प्रकारच्या ईबीएस डिस्क चालू मशीनवरच नव्या जीपी-3 प्रकारच्या केल्या, दर जीबीमागे 20 टक्क्यांपर्यंत स्वस्त. एक हजार जीबीपेक्षा मोठी डिस्क असेल तर आधी आयओपीएस (डिस्क सेकंदाला किती वेळा वाचू-लिहू शकते तो आकडा) बघा. जीपी-3 मध्ये मूळचे 3000 मिळतात, मोठ्या जीपी-2 ला त्याहून जास्त असतात. आमच्या सगळ्या पिटुकल्या, त्यामुळे प्रश्न आला नाही.

पुढचं लक्ष्य नॅट गेटवे, म्हणजे आमच्या खाजगी नेटवर्कमधून बाहेर जायचं दार. आमचे बॅकअप एस-3 कडे (एडब्ल्यूएसचं फायलींचं कोठार) त्यातूनच जातात आणि प्रत्येक जीबीचे पैसे पडतात. एस-3 साठी गेटवे एंडपॉइंट (नॅट गेटवे टाळून थेट जायची वाट) फुकट मिळतो, फक्त राउट टेबलला (डेटा कुठल्या वाटेने जाईल ते ठरवणारी यादी) हात लावावा लागतो. ते काम शुक्रवारी संध्याकाळी करणार नाही. ‘टेंप-नको-पुसू’ अजून जिवंत आहे.