चवथीच्या सह्या आणि मे महिन्यातलं छप्पर

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं आमचं घर पणजोबांच्या वेळचं. जांभ्या चिऱ्यांच्या भिंती, मंगळुरी कौलं, मध्ये लहानसं राजांगण. एका पावसात देवघरावरचा वासा खचला आणि दुरुस्तीला हात घालावाच लागला.

जुनं घर म्हटलं की आधी कागद. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या हक्कांच्या नोंदीत, अजून आजोबांचंच नाव. पंचायतीत दुरुस्तीच्या परवान्याचा अर्ज केला तर सगळ्या वाटेकऱ्यांची ना-हरकत मागितली. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच कायद्याने मुलींचा वाटा मुलांएवढाच, आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची. म्हणून आत्यांच्या सह्या लागल्या, वकिलांच्या सांगण्यावरून त्यांच्या यजमानांच्याही. एक आत्या बेळगावला, चुलतभाऊ मुंबईला. कागद टपालाने फिरवले असते तर वर्ष गेलं असतं. पण चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सगळे मूळ घरी येतातच. आरती आटोपल्यावर ओसरीवर सतरंजी घातली आणि एका संध्याकाळी अकरा सह्या झाल्या. धाकट्या आत्याने पेन हातात धरूनच विचारलं, "माटोळीची जागा बदलणार नाहीस ना रे?" माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली, फळं बांधायची लाकडी चौकट.

ठेकेदार मात्र स्लॅबच्या मागे लागला होता. म्हणे, कौलांची कटकट कायमची मिटेल. मी इंजिनिअरला घरी आणून दाखवलं. त्यांनी भिंतीतला एक सांधा उकरला. आत नुसती माती. या भिंतींवर स्लॅबचा भार टाकू नका, म्हणाले. शिवाय घराचा ढाचा बदलला की ते काम दुरुस्तीत बसत नाही, नगरनियोजन खात्याची दारं वेगळी ठोठवावी लागतात. कौलंच ठेवली. हा निर्णय मी आजही तसाच घेईन.

भिंतींनी मात्र खूप शिकवलं. काही वर्षांपूर्वी आम्ही खालच्या अंगाला सिमेंटचा गिलावा मारून घेतला होता. चिरा सच्छिद्र, जोत्यातून ओल वर ओढतो. सिमेंटने तिची बाहेर पडायची वाट बंद झाली. बोट लावलं की पापुद्रा सुटायचा आणि मागे पांढऱ्या खाराची भुकटी. म्हाताऱ्या मेस्त्रींनी तो सगळा गिलावा खरवडून काढला. "भिंतीला वारा लागू दे," एवढंच म्हणाले. एक अख्खा उन्हाळा ती तशीच उघडी सुकू दिली, मग चुन्याचा हात दिला. घाई असेल तरी ही पायरी गाळू नका. आणि वायरिंगसाठी चिऱ्यात खोल चरे मारू देऊ नका, कडा ढासळतात. आम्ही पाइप भिंतीवरूनच नेले.

परवाना डिसेंबरात मिळाला, छप्पर जानेवारीत उतरवलं. जुनी कौलं फेकून देऊ नका. मेस्त्री प्रत्येक कौल एका हातावर तोलून दुसऱ्या हाताच्या बोटाच्या सांध्याने वाजवायचे. खणखणीत वाजलं तर एका बाजूला, बद्द आवाज आला तर दुसऱ्या. चार दिवस अंगणात तोच नाद. निम्म्याहून जास्त कौलं परत चढली. कुजलेले वासे बदलताना सगळं लाकूड चढवण्याआधीच वाळवीचं औषध मारून घेतलं, भिंतीत जाणारी टोकं तर दोनदा. पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून छप्पर दोन फूट पुढे काढलं.

पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो असं धरून चालतात, पण वळीव त्याआधीच झोडपतो. मी ठेकेदाराला १५ मेची तारीख लिहून दिली होती, शेवटचा हप्ता त्या तारखेला बांधून. शेवटचं कौल १२ मेला बसलं.

माटोळीची चौकट त्याच जागी, नव्या वाशांना जाड आकड्यांनी अडकवली. चवथीला नारळांचा घड, सुपाऱ्यांचे घोस, तोरिंजन, चिबूड असं सगळं बांधून झाल्यावर आत्या खाली उभी राहून बराच वेळ वर बघत होती. मग तिने आणखी एक नारळ मागवला.